नागपूर कोणी वसवलं, हे आधी पोरांना सांगा

१७ मार्च २०२५ ला नागपूरच्या महाल भागात जे झालं, ते आठवलं की अजून पोटात ढवळून येतं. खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवा म्हणून आंदोलन झालं, कबरीची प्रतिकृती जाळली गेली. तिच्यावरच्या हिरव्या कापडावर पवित्र मजकूर होता, अशी अफवा उठली आणि संध्याकाळी दगडफेक सुरू झाली. रात्री हंसापुरीत गाड्या जळाल्या. रेल्वे पकडायला निघालेला एक माणूस मार खाऊन दवाखान्यात पोचला, तो वाचला नाही. मग संचारबंदी.

ज्या महालात हे घडलं, तिथेच गोंडराजाचा किल्ला आहे. रोज त्या बाजूनं जाणाऱ्या किती पोरांना माहीत आहे की हे शहर बख्त बुलंद शाहनं वसवलं? देवगडचा हा गोंड राजा गादीच्या भांडणात मदत मागायला औरंगजेबाच्या दरबारी गेला, तिथे त्यानं इस्लाम स्वीकारला आणि ‘बख्त बुलंद’ ही पदवी घेऊन परतला. पुढे मुघल मराठ्यांशी लढण्यात गुंतले, तेव्हा यानंच मुघलांच्या मुलखात लुटालूट केली. १७०२ च्या सुमारास १२ वाड्या एकत्र करून त्यानं नागपूर उभं केलं. आता सांगा, हा माणूस कोणाच्या बाजूचा? आजच्या कोणत्याच गटाच्या चौकटीत तो बसत नाही, म्हणून त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही.

पुढचा भाग मला त्याहून मोलाचा वाटतो. त्याचा मुलगा चांद सुलतान १७३९ मध्ये वारला आणि वारसांमध्ये भांडण पेटलं. राणीनं रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. ते आले, त्यांनी भांडण मिटवलं, आणि काही वर्षांत चांद सुलतानाची दोन मुलं आपसांत भांडली तेव्हा सत्ता स्वतःकडे घेतली. पण गोंड राजाला त्यांनी हाकललं नाही. त्या दोघांतल्या बुऱ्हाण शाहला नागपुरात आणून मानानं ठेवलं, त्याची ‘राजा’ ही पदवी कायम ठेवली, तनखा बांधून दिला. गादीवर बसणाऱ्या भोसल्यांना टिळा लावायचा मान गोंड राजाचा राहिला. मराठा राजाच्या कपाळी मुसलमान गोंड राजाचा टिळा! हे निव्वळ प्रेमापोटी झालं असं मी म्हणत नाही. त्यात राजकारण होतं, आपण गादी बळकावली असं दिसू नये ही काळजी होती. तरी जिंकलेल्यानं हरलेल्याचा मान ठेवायची एक रीत इथे पडली, ती खरीच.

‘आपण सगळे पूर्वीपासून गुण्यागोविंदानं राहत होतो’ असं सांगणाऱ्यांवरही म्हणूनच माझा विश्वास नाही. हेतू चांगला असतो, पण तोही इतिहास अर्धाच. धर्मांतरामागची मजबुरी गाळायची, सत्ता गेल्याचं दुःख गाळायचं आणि गोड तेवढं वाढायचं, यानं पोरं फसत नाहीत. मोबाईलवर उरलेला अर्धा भाग कोणीतरी विष कालवून पाठवतोच.

सूफी संत ताजुद्दीन बाबांचंच घ्या. त्यांच्या दर्ग्याला, ताजबागला, कोण जातं, हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. लोकांनी वेडा ठरवून ज्यांना पागलखान्यात टाकलं होतं, त्या बाबांना १९०८ मध्ये त्याच भोसले घराण्यातल्या पुढच्या रघुजीरावांनी सोडवून शक्करदऱ्याच्या आपल्या राजवाड्यात नेलं. हे सांगताना पागलखाना वगळला, तर राजानं नेमकं काय केलं ते कळतच नाही.

एखाद्या जागेचा अर्थ कोणी लावायचा, हा प्रश्न बाबासाहेबांनी फार आधी ओळखला होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूरच का निवडलं ते स्वतः सांगितलं. संघ इथे आहे म्हणून नव्हे, नाग लोकांची ही भूमी म्हणून. आपल्या जागेचा अर्थ दुसऱ्याच्या हाती जाऊ दिला नाही. आणि १ जुलै २०२४ ला त्याच दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगचं काम लोकांनी बंद पाडलं. जाळपोळ झाली, ती मला पटत नाही. पण ज्यांची श्रद्धा तिथे आहे त्यांना नीट विश्वासात न घेता पाया खोदला की यापेक्षा वेगळं काय होणार? सरकारला त्याच दिवशी स्थगिती द्यावी लागली. तीच विचारपूस आधी झाली असती तर?

माझं मागणं साधं आहे. महापालिकेनं आणि शाळांनी आठवी-नववीच्या मुलांना गोंडराजाचा किल्ला, महालातलं गांधी गेट, ताजबाग, दीक्षाभूमी पायी आणि बसनं दाखवावं. माहिती सांगायला त्या त्या मोहल्ल्यातली माणसं असावीत, आणि मुलांनी अडचणीचे प्रश्न विचारले तर त्यांना गप्प करू नये. किल्ल्यापाशी मराठी, गोंडी, उर्दू अशा तिन्ही भाषांत पाटी लागावी, तिच्यावर औरंगजेबाचा दरबारही असावा आणि मुघल मुलखातली लूटही.

आणि १७ मार्चबद्दल आत्ताच लिहून ठेवा. गांधी गेटच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या लोकांकडून, ज्यांची दुकानं बंद राहिली, ज्यांची गाडी जळली, ज्यांच्या घरची पोरं पोलिसांनी उचलली, ज्या पोलिसांना दगड लागले, त्या सगळ्यांकडून. नावं नका लिहू हवं तर. त्या रात्रीच्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आजच दोन मोहल्ल्यांत सांगितल्या जात आहेत, आणि चार-पाच वर्षांची पोरं त्या ऐकत आहेत.