स्पॉन्सर फोन उचलत नाही तेव्हा

आमच्या नागपूरच्या फुटबॉल टीमचा स्पॉन्सर तीन आठवड्यांपासून फोन उचलून नाही राहिला. पहिल्या आठवड्यात तो मीटिंगमध्ये होता, दुसऱ्यात साइटवर, आता नुसतीच रिंग जाते. नाव घेत नाही. माणूस वाईट नाही, त्याचेही कुठेतरी अडकले असतील. पण दोन वर्षं कीट, बॉल, सरावानंतरची केळी-अंडी आणि कामठीला मॅच असली की दोन ऑटो, हे सगळं त्याच्या जिवावर चाललं होतं. आता यादीत ३१ नावं आहेत आणि वहीतली जमा बघितली तर २० जणांचं कसंबसं भागेल.

रविवारी सराव आटोपल्यावर टपरीवर यावरूनच वाजलं. आमच्या कॅप्टनचं म्हणणं सरळ होतं, "भाऊ, सीनियर ठेवा. लीगमध्ये टिकलो तर पुढच्या वर्षी कोणीतरी पैसा लावेल. पोट्टे काय, कुठं जातात? इथंच आहेत." बाकीच्यांनी माना डोलावल्या. विरोधात मी एकटा. त्यात मी इटलीचं उदाहरण द्यायला लागलो तर सगळे हसले. "याले काही बी विचारा, हा थेट मिलानलेच पोचते." टपरीवर बोलणं पुरं करू दिलं नाही म्हणून इथे लिहितो. लांब आहे. वेळ नसेल त्यांनी शेवटचा परिच्छेद तेवढा वाचा, त्यात काम आहे.

तर मी इटलीच्या इंटर मिलान क्लबचा चाहता. १९९७ मध्ये ब्राझीलचा रोनाल्डो तिथे गेला तेव्हापासून. बर्डीवरून निळ्या-काळ्या पट्ट्यांचा नकली शर्ट घेतला होता, दुसऱ्या धुण्यात काळा रंग निळ्यात उतरला आणि आईने त्याचं फडकं केलं. तेव्हापासून या क्लबने मला सुखाचे दिवस मोजकेच दाखवले आहेत.

२०१६ मध्ये चीनच्या सुनिंग कंपनीने इंटरचे जवळपास ७० टक्के शेअर सुमारे २७ कोटी युरोंना घेतले. नानजिंगची कंपनी, टीव्ही-फ्रिज विकणारी. पैसा आला, मग २०१९ मध्ये कोंते कोच म्हणून आला, त्याच्यापाठोपाठ लुकाकू, २०२० मध्ये रियाल माद्रिदहून हकिमी. आणि मे २०२१ मध्ये ११ वर्षांनी लीग जिंकलो. युव्हेंटसची सलग नऊ वर्षांची सद्दी मोडली. कोरोनामुळे स्टेडियम रिकामं, मी इकडे घरात एकटाच नाचत होतो.

घर तोवर आतून पोखरलं गेलं होतं. खूण आधीच दिसली होती, आम्हीच बघितली नाही. सुनिंगचा स्वतःच्या गावातला क्लब होता, जिआंगसू. तो नोव्हेंबर २०२० मध्ये चीनचा चॅम्पियन झाला आणि २८ फेब्रुवारी २०२१ ला त्याने कामकाज थांबवलं. जेमतेम साडेतीन महिने. जो माणूस अंगणातलं फळाला आलेलं झाड तोडतो, तो परगावच्या शेताला काय पाणी देणार? इंटरचा त्या एका हंगामाचा तोटा २४ कोटी युरोंच्या वर गेला. मे महिन्यात मालकाने ओकट्री नावाच्या अमेरिकन फंडाकडून २७.५ कोटी युरोंचं कर्ज काढलं, तीन वर्षांच्या मुदतीचं. कोंतेला पुढचं दिसलं, तो निघून गेला. मग हकिमी सहा कोटींच्या आसपास पॅरिसच्या क्लबला गेला. ऑगस्टमध्ये लुकाकू ११.५ कोटींना चेल्सीला.

त्या रात्री मी याच फेसबुकवर लिहिलं होतं, "इंटर गेला. दहा दिवस सुतक." बायकोला तिच्या मावशीचा फोन आला, घरात कोण गेलं म्हणून.

मी चुकलो होतो. आणि नेमकं कुठे चुकलो ते कळायला मला तीन वर्षं लागली. मी कोण गेलं तेच मोजत बसलो. कोण राहिलं ते मोजलंच नाही. बास्तोनी, श्क्रिनियार, दे व्राय, बरेला, ब्रोझोविच, लाउतारो. मागचा कणा, मधला कणा, पुढचा कणा, सगळं जागेवर. विकले ते दोघंच, ज्यांना बाजारात सगळ्यात जास्त भाव होता त्या दिवशी. हे ज्याने केलं तो म्हणजे क्लबचा कारभारी जुसेप्पे मारोत्ता. मी त्याला मारोतराव म्हणतो. आपल्याकडे प्रत्येक गावात एक मारोतराव असतोच, सोसायटीचा हिशेब तोंडपाठ असलेला.

मारोतरावाची खरेदी बघा. हकिमीच्या जागी डमफ्रीस, पाचव्या हिश्श्याच्या किमतीत. लुकाकूच्या जागी रोमाचा झेको, वय ३५. त्याच जूनमध्ये आमचा एरिक्सन युरो कपच्या मॅचमध्ये मैदानावर कोसळला होता. वाचला, पण इटलीच्या नियमांमुळे हृदयात यंत्र बसवून तिथे खेळता येईना. त्याची जागा भरायला चाल्हानोग्लू आणला, तोही शेजारच्या एसी मिलानमधून, करार संपलेला, म्हणजे फुकट. पुढच्या वर्षी मखितारियान फुकट. गोली ओनाना फुकट आला आणि वर्षभरात पाच कोटींच्या आसपास मँचेस्टर युनायटेडला गेला. त्याच्या जागी ३४ वर्षांचा सोमर, ६० लाखांच्या आसपास. तुराम फुकट. इतवारीत नातीचा बस्ता बांधायला गेलेली आजी जशी असते ना, बटव्यात थोडेच, पण कोणत्या दुकानात कोणत्या दिवशी माल उतरतो हे पाठ, तसा हा माणूस.

त्याचेही पैसे वाया गेले. कोरिया नावाच्या खेळाडूवर तीन कोटींच्या आसपास घातले, त्या पैशांत काय काय आलं असतं हे आठवलं की आजही पोटात दुखतं. श्क्रिनियारला २०२२ च्या उन्हाळ्यात पॅरिसवाले मागत होते, दिला नाही, आणि वर्षाने तो करार संपवून त्याच पॅरिसला फुकट गेला. आणि रादूची ती रात्र. एप्रिल २०२२, बोलोन्याविरुद्धची मॅच, आपल्याकडे मध्यरात्र, कूलरची घरघर एवढी की कॉमेंटरी ऐकू येत नव्हती. मुख्य गोली हांदानोविच जखमी, म्हणून दुसरा गोली रादू उभा केला. आपल्याच माणसाचा थ्रो-इन त्याच्याकडे आला, त्याने पाय फिरवला आणि बॉल पायाखालून निसटला. समोरच्याने नुसता ढकलला. ती मॅच २-१ हरलो आणि लीग दोन गुणांनी गेली. पैशाची तंगी पहिल्या अकरात दिसत नाही बरं का. ती बाराव्या, तेराव्या नावात दिसते. ज्या जागेवर 'चालून जाईल' म्हणून कोणीतरी ठेवलेलं असतं, तिथे.

तरी दोन वर्षांनी, २२ एप्रिल २०२४ ला, एसी मिलानलाच २-१ हरवून विसावी लीग जिंकली. गोल कोणाचे? असेर्बी, ३६ वर्षांचा, आणि तुराम, फुकट आलेला. आपल्याकडे २३ तारीख उजाडून दोन तास झाले होते, मी गच्चीवर जाऊन ओरडलो तर खालच्या मजल्यावरच्या काकांनी चोर आला समजून बॅटरी लावली. बरोबर एका महिन्याने, २२ मे ला, क्लब ओकट्रीच्या ताब्यात गेला. व्याजासकट साडेएकोणचाळीस कोटींच्या आसपास झालेलं कर्ज सुनिंगने फेडलं नव्हतं. म्हणजे मालक बुडत होता आणि टीम वर येत होती. तेव्हापासून कोणी 'पैशाशिवाय काय होते बे' म्हटलं की मी ही तारीख सांगतो.

आता कॅप्टन म्हणेल, बघा, सीनियर लोकांवरच जिंकले ना! थांब. गोष्ट संपली नाही.

३१ मे २०२५, म्युनिक, चॅम्पियन्स लीगची फायनल. समोर पॅरिस. सेमीफायनलला बार्सिलोनाविरुद्ध ३७ वर्षांच्या असेर्बीने ९३व्या मिनिटाला बरोबरी साधून दिली होती, त्यामुळे मी भलताच तोऱ्यात होतो. बाराव्या मिनिटाला पहिला गोल झाला. कोणाचा? हकिमीचा. आपण विकलेल्या. त्याने जल्लोष केला नाही, दोन्ही हात वर करून आमच्या लोकांची माफी मागितली. आमचा सोमर ३६ चा, मखितारियान ३६ चा, असेर्बी ३७ चा, आणि समोर विशीतली पोरं वाऱ्यासारखी पळत होती. ५-० ने हरलो. फायनलमध्ये एवढ्या फरकाने कधीच कोणी हरलं नव्हतं. तीन-चार वर्षं मारोतरावाने नवीन पोरांचा खर्च वाचवून जो संसार चालवला, त्याचं बिल त्या रात्री एकदम आलं. मी त्याला दोष देत नाही. त्याच्याकडे दुसरा रस्ता होता असं मला वाटत नाही. पण बिल आलं हे खरं आहे.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण आपल्या शेजारचं आहे, रात्री गाडीत बसलं की सकाळी पोचतो तिथलं. हैदराबाद एफसी. मुळात ती जागा आपल्या पुण्याची. पुणे सिटी २०१९ मध्ये पैशापायीच बंद पडली आणि तिच्या जागी हैदराबाद आलं. २० मार्च २०२२ ला गोव्यात केरळला पेनल्टीत हरवून आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकलं, पुढच्या वर्षी दुसरे आले. मग पगार थकले. खेळाडू फिफाकडे गेले, नवीन खेळाडू घ्यायला बंदी आली, परदेशी खेळाडू गेले, कोच गेला, जानेवारीत अनुभवी भारतीय खेळाडूही दुसऱ्या टीमना गेले. उरली पोरं. २०२३-२४ च्या हंगामात २२ मॅचमध्ये एक विजय, आठ गुण, तळाला. नंतर मालक बदलले आणि २०२५ मध्ये ती टीम दिल्लीला नेली. पुणे, हैदराबाद, दिल्ली. बदलीच्या नोकरीत तहसीलदारसुद्धा एवढा फिरत नसेल.

त्या पोरांना नावं ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. ती खेळली. पण शेजारी उभं राहून 'मागं सरक बे, आता पुढं चल' असं ओरडणारा कोणी नव्हता. आणि इथेच मारोतराव आणि हैदराबादमधला फरक आहे. मारोतरावाने कोण जाणार ते स्वतः ठरवलं, वेळेत, हातात भाव असताना. हैदराबादमध्ये कोणी काही ठरवलंच नाही, जो तो आपापली पिशवी उचलून गेला. श्क्रिनियारच्या वेळी मारोतरावानेही ठरवायला उशीर केला, आणि पैसा गेला, माणूसही गेला.

हे मला एवढं का लागतं, तर हेच आपणही केलं आहे. नव्या लोकांना माहीत नाही म्हणून सांगतो. दहा-अकरा वर्षांपूर्वी आपला असाच एक स्पॉन्सर मध्येच गळाला होता. तेव्हा यादी मी केली होती. अकराच्या अकरा सीनियर ठेवले आणि १७-१८ वर्षांच्या नऊ पोट्ट्यांना सांगितलं, पुढच्या वर्षी बघू. त्या हंगामात चौथे आलो, फोटोबिटो काढले. पुढच्या हंगामाआधी पाच सीनियर मॅचमागे पैसे देणाऱ्या टीमकडे गेले. त्यांचं चूक नव्हतं, घरं होती त्यांची. मग मी पोट्ट्यांना फोन लावायला घेतले. दोघं पुण्याला कामाला गेलेले. तिघं टेनिस बॉल क्रिकेटमध्ये, तिथे नाइट टुर्नामेंटला बक्षीस तरी रोख मिळतं. एकाचा नंबर बंद. आणि तो डाव्या पायाचा, आठवतो ना, कॉर्नरवरून थेट गोलात घालायचा, तो मला नंतर एकदा इंदोरा चौकात सिग्नलवर दिसला. पाठीवर पार्सलची बॅग. म्हणाला, "सर, आता सकाळी सुटी नसते." मला 'सर' म्हणाला. आधी 'दादा' म्हणायचा.

म्हणून 'पोट्टे कुठं जातात' असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. नागपुरात पोरांची कमी नाही हे खरं. कामठीच्या गल्लीगल्लीत बॉल खेळतात, रब्बानी क्लबचं नाव माहीत नसलेला फुटबॉलवाला इथे सापडणार नाही, आणि झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन विजय बारसे सरांनी २००१ मध्ये स्लम सॉकर सुरू केलं तेही याच शहरात. पण आपण दोन वर्षं घासलेलं पोट्टं आणि मैदानाबाहेर उभं असलेलं पोट्टं एकच नसतं.

तर माझी यादी अशी. सीनियर पाच ठेवू. गोली, दोघं सेंटर बॅक, मधला एक, आणि कॅप्टन तू. (हो, एवढं भांडून तू यादीत आहेस.) बाकी सहा सीनियरांना याच आठवड्यात स्पष्ट सांगू, नाव नोंदणीची तारीख जायच्या आत, म्हणजे त्यांना दुसरी टीम बघता येईल. दोघांसाठी मी आधीच एका टीमशी बोललो आहे. त्यांच्याकडून मॅचमागे काही मिळालं तर मला आनंदच आहे. उरलेल्या १५ जागा पोट्ट्यांच्या. आणि दुसरा गोली यादीत पाहिजे म्हणजे पाहिजे, तोही रोज सराव केलेला, 'चालून जाईल' वाला नको. पाच पोट्टे तरीही सुटतात. त्यांना काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. कॅप्टन, हे तू सांग, मी एकदा सांगून बघितलं आहे.

आता कामाचं. सात, आठ आणि नऊ नंबरचे जुने स्टड, म्हणजे फुटबॉलचे बूट, कोणाच्या माळ्यावर पडले असतील तर मेसेज करा, मी गाडीवर येऊन घेऊन जातो. शिनगार्ड चालतील. मोजे चालतील, फाटके नको. रोज सकाळी ३० उकडलेली अंडी सवलतीत देणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याचा नंबर इनबॉक्सला टाका. आणि आमचा स्पॉन्सर हे वाचत असेल तर, भाऊ, पैशाचं राहू द्या, फोन तेवढा उचला. तुमच्या दोन वर्षांच्या कीटचा शेवटचा धुवून ठेवलेला सेट आमच्याकडे आहे, त्यावर तुमचंच नाव आहे, तो घालून खेळलो तर चालेल का एवढंच विचारायचं होतं.