‘मास्टर्स करा, प्राध्यापकी पक्की’ म्हणे!

निकालांचे दिवस आले की ठाणे-कळव्यातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो: ‘कलाक्षेत्रात नुसत्या पदवीला कुणी विचारत नाही. कुठल्याही विषयात मास्टर्स करा, प्राध्यापकी पक्की. परदेशातून केलंत तर कामं चालून येतात.’

आधी प्राध्यापकीचं बघू, कारण खरी फसगत तिथेच होते. मास्टर्सला 55 टक्के हवेत, वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. एवढं करून हाती येते ती फक्त पात्रता. जागा निघायला हवी, नाहीतर तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेत, वर्षं जातात. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. उलट यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत संगीत, नाट्य, दृश्यकला अशा विषयांत भरीव काम असलेल्या व्यावसायिक कलावंताला बॅचलर पदवीवरही सहायक प्राध्यापक होण्याची वाट ठेवली आहे. म्हणजे ‘नुसत्या पदवीला’ विद्यापीठातही थोडीफार किंमत आहे! शाळेतल्या चित्रकला शिक्षकाची गोष्ट आणखी वेगळी. तिथे एटीडी (आर्ट टीचर डिप्लोमा) विचारतात.

‘कुठल्याही विषयात’ हा तर शुद्ध आळस. संग्रहालयात काम करायचं तर वस्तुसंग्रहालयशास्त्र किंवा कलेतिहास उपयोगी. डिझाइनकडे ओढा असेल तर खारघरच्या निफ्ट या फॅशन-डिझाइन संस्थेचं एम.डेस. (डिझाइनमधलं मास्टर्स) बघावं. नाटकासाठी कालिन्याला विद्यापीठाची अ‍ॅकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. दिल्लीच्या एनएसडीचा (राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा) तीन वर्षांचा अभ्यासक्रम तर नावाने डिप्लोमाच. आणि ठाण्याच्या गडकरी रंगायतनला किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात प्रयोग लावणारा निर्माता प्रकाशयोजनाकाराची मार्कशीट मागत नाही. आधी कोणती नाटकं केलीस, एवढंच विचारतो.

परदेशाबद्दल थोडक्यात. तिथल्या ओळखी मुख्यतः तिथेच कामी येतात, कर्जाचे हप्ते मात्र इथे फेडायचे असतात. विद्यापीठातल्या नोकरीसाठी त्या पदवीची समकक्षताही दाखवावी लागते.

मास्टर्स करूच नये, असं माझं म्हणणं नाही. मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयासारख्या ठिकाणी दोन वर्षं स्टुडिओ मिळतो, छपाईचा प्रेस हाताशी असतो, चुका दाखवणारं माणूस शेजारी असतं. ठाण्याच्या वन बीएचकेत हे कुठून आणणार? त्यासाठी जरूर जावं, फक्त नोकरीची हमी म्हणून नको.

फॉर्म भरण्याआधी हव्या त्या नोकरीच्या चार-पाच जाहिराती काढून ‘शैक्षणिक अर्हता’ हा रकाना वाचा. कुठे एटीडी दिसेल, कुठे नेट, कुठे नुसता पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामांचे नमुने. काही कामांची तर जाहिरात निघतच नाही. ती तालमीच्या हॉलमध्येच ठरतात.