फटी पांढऱ्या होत नाहीयेत मामा, झिजतायत

परवा फॅमिली ग्रुपवर मामांनी तो मेसेज परत टाकला. तुमच्याकडेही आलाच असेल, थोडक्यात असा: "टाइल्सच्या काळ्या फटी ५ मिनिटांत नव्यासारख्या! खायचा सोडा, व्हिनेगर, अर्धं लिंबू. फसफसलं की समजा मळ निघतोय. जास्त काळं असेल तर टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच मिक्स करून ओता. पुसायच्या पाण्यात मूठभर मीठ टाका. केमिकल नाही, खर्च नाही, रोज करा."

खाली लगेच सात जणांचे हात जोडलेले इमोजी आणि मावशीचं "करून बघते". त्या "करून बघते"मुळेच लिहायला बसलो, नाहीतर गप्प बसणार होतो, कारण यातला निम्मा उद्योग मी स्वतः करून बसलोय.

मेसेजमधली ऑर्डर सोडून आधी ब्लीचवालं घेतो कारण बाकी चुकलं तर फटी जातील, हे चुकलं तर माणूस दवाखान्यात जाईल. टॉयलेट क्लीनरची बाटली उलटी करून लेबल वाचा, बहुतेकांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, साधारण १० टक्क्यांच्या आसपास. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, तोच जो १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत शत्रूवर सोडला होता, आणि आपण तो दार लावलेल्या बाथरूममध्ये तयार करतो. वर तो हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड, म्हणजे खालीच साठतो, आणि फटी घासणारा माणूस कुठे असतो? खालीच, गुडघ्यावर, तोंड जमिनीजवळ. व्हिनेगर नि ब्लीच हेही तसंच. "मी तर कायम करते मला काही झालं नाही" म्हणणाऱ्या मंडळींची खिडकी उघडी असेल एवढाच त्याचा अर्थ. कामवाल्या मावशींच्या हातात या दोन बाटल्या एकदम देऊ नका आणि दिल्याच तर हे तोंडी सांगा, लेबल इंग्रजीत बारीक अक्षरात असतं.

आता फसफस. शाळेच्या प्रदर्शनातला ज्वालामुखी आठवतोय का, तेच आहे हे. सोडा अल्कली, व्हिनेगर ॲसिड, दोघं एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतं पाणी, थोडं सोडियम ॲसिटेट नि उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड. म्हणजे दोन कामाच्या वस्तू मिसळून तुम्ही एक बिनकामाची वस्तू केली. मग लोकांच्या फटी थोड्या उजळतात त्या का? कारण फेस आला की माणसाला हुरूप येतो आणि तो ब्रश घेऊन दहा मिनिटं घासतो. श्रेय ब्रशचं आहे. नुसता सोडा ओला करून घासला तरी तेवढंच निघेल, जास्तच निघेल.

पण खरा घोळ व्हिनेगर-लिंबाचा आहे आणि इथे मी थोडा लांबण लावणार आहे. जुन्या फ्लॅटमध्ये फटीत व्हाइट सिमेंट भरलेलं असतं, नवीनमध्ये तयार जॉइंट फिलर, तोही बहुतेक वेळा सिमेंटचाच. सिमेंट म्हणजे चुन्याच्या जातीचं, आणि चुन्यावर आंबट टाकलं की काय होतं हे वेगळं सांगायला नको. व्हिनेगर ४-५ टक्केच असतं, एकदा सांडलं म्हणून काही आभाळ कोसळत नाही, पण मेसेज म्हणतोय रोज करा. ॲसिड मळाला धरत नाही हो, मळ ज्यावर बसलाय त्यालाच विरघळवतं, म्हणून वरचा पापुद्रा मळासकट निघतो आणि खालचा कोरा भाग दिसतो आणि आपण म्हणतो वा, पांढरं झालं! पांढरं झालं नाही, कमी झालं. आता जो भाग उघडा पडला तो आधीपेक्षा खरखरीत, त्याची भोकं मोठी, म्हणजे पुढच्या वेळी मळ लवकर बसणार, परत व्हिनेगर, असं ते चक्र.

मी चार महिने दर रविवारी स्प्रे बाटलीत व्हिनेगर भरून ओट्यासमोरच्या फटींच्या पट्टीवर मारायचो. घरात आई-बाबा, आम्ही दोघं, दोन पोरं, म्हणजे सहा माणसांचे पाय त्या पट्टीवरून दिवसभर. पहिले दोन-तीन रविवार मी एकदम हिरो. (आईची ती लादी, बायकोची फरशी, पोरांच्या टाइल्स, काळी व्हायची जागा एकच.) मग केर काढताना रेती यायला लागली. मला वाटलं बाहेरून चपलांबरोबर येतेय. बाथरूमच्या गळतीसाठी मिस्त्री आला होता त्याला सहज दाखवलं, त्याने खिशातलं नाणं काढून फटीत फिरवलं, भुगा निघाला, आणि वर बघून म्हणाला, "साहेब, ॲसिड मारलं काय?" मी म्हटलं नाही, व्हिनेगर. तो म्हणाला, "मग काय वेगळं?"

बायको दारात उभी होती. असो.

एक कबूल करायला पाहिजे, बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने बाथरूममध्ये पांढरे क्षार बसतात ते आंबटानेच सुटतात, तिथे व्हिनेगरला खरंच काम आहे. पण ते टाइलवर आणि नळावर, फटीवर नाही, आणि लावायच्या आधी फटी साध्या पाण्याने भिजवून ठेवा म्हणजे त्या आंबट कमी पितात, मग भरपूर पाण्याने धुऊन टाका. आणि शहाबादी, कडप्पा, मार्बल असेल तर टाइलवरही नको, ते दगडही चुन्याच्याच घराण्यातले.

मीठ. नजर उतरते वगैरे श्रद्धेबद्दल मी काही बोलणार नाही, आईशी मला भांडायचं नाही. पण फटी पांढऱ्या होण्याचं म्हणाल तर मिठाचं पाणी फटीत मुरतं, पाणी सुकतं, मीठ मागे राहतं आणि वर पांढरी भुकटी फुलून येते. काही जणांना तीच "सफेदी" वाटत असावी बहुतेक.

"केमिकल नाही" यावर काय बोलणार, व्हिनेगर काय झाडाला लागतं का.

राहिलं ते "रोज करा". रोज करायची गोष्ट आहे, पण ती ही नाही. फट टाइलपेक्षा किंचित खोल असते, त्यामुळे पुसताना घाण पाणी तिथेच जाऊन बसतं. आपण काय करतो, एक बादली, त्यात भरपूर लिक्विड, हॉलपासून सुरुवात आणि स्वयंपाकघरात शेवट, तोपर्यंत बादलीत चहाच्या रंगाचं पाणी. तेच पाणी आपण सगळ्यात तेलकट खोलीच्या फटींना पाजतो आणि मग म्हणतो काळ्या कशा झाल्या. लिक्विड जास्त टाकलं की त्याचा चिकट थर राहतो आणि त्याला धूळ धरते, म्हणून झाकणभर म्हटलंय तर झाकणभरच. आमच्याकडे आता स्वयंपाकघर आधी, ताज्या पाण्याने, मग पाणी बदलून बाकीचं घर. एवढंच बदललं आणि बाथरूमकडच्या ज्या पट्टीला मी कधी व्हिनेगर लावलं नव्हतं तिथे दोन महिन्यांत फरक दिसला.

आधीच काळं झालंय त्याचं काय? तेलकट काळं असेल तर धुण्याचा सोडा गरम पाण्यात, खायचा नव्हे. तो जास्त अल्कली आहे, तेल त्यालाच ऐकतं, हातमोजे घालून करा. चहा-मसाल्याचे रंग, जुना मळ यासाठी कपड्यांचे डाग काढायची ऑक्सिजनवाली पावडर, पुड्यावर सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं असतं. लिटरभर गरम पाण्यात दोन चमचे, फटींवर ओतायचं आणि पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही. हे लोकांना जमत नाही, लगेच घासायला घेतात. नंतर नायलॉनचा ब्रश, तारेचा नको, त्याचे कण अडकून गंजाचे ठिपके येतात. आणि निघालेलं काळं पाणी फडक्याने किंवा वायपरने उचलून टाका, पसरवू नका. उरलेलं मिश्रण बाटलीत भरून झाकण घट्ट लावू नका, आत ऑक्सिजन सुटत राहतो, बाटली फुटेल.

हळदीचं वेगळं. फोडणीचा थेंब पडला आणि तुम्ही सोड्याने घासलं की डाग लाल होतो आणि माणूस घाबरतो. घाबरू नका, हळद आणि चुन्याचं कुंकू होतं तोच प्रकार आहे. ऊन येत असेल तर दोन-चार दिवस सोडून द्या, हळद उन्हात उडते.

आणि सगळं साफ झाल्यावर फटीवर पाण्याचे दोन थेंब टाकून बघा. थेंब मण्यासारखे उभे राहिले तर ठीक, लगेच शोषून डाग गडद झाला तर सीलर (फटीत पाणी मुरू न देणारा लेप) लावायची वेळ आली, पूर्ण सुकल्यावर. फटीत सिमेंटऐवजी इपॉक्सी (दोन भाग मिसळून करायची रेझिनची भरण) भरलेली असेल तर सीलर लागत नाही, ती पाणी पीतच नाही, महाग पडते आणि उन्हात पांढरी इपॉक्सी पिवळी पडते, म्हणून बाल्कनीत नको.

ओट्यासमोरची माझी पट्टी मात्र आता कशानेच सुधारणार नाही, खरवडून परत भरायची आहे. मिस्त्री म्हणाला इपॉक्सी करून टाका, ग्रे घ्या, फक्त एक दिवस त्याच्यावर कुणी पाय ठेवायचा नाही. तो दिवस ठरवायला आम्ही आषाढात बसलो होतो, आता दिवाळी आली.