'फक्त एकदा नजर फिरवा'

इंग्रजी कायदेशीर कागदपत्रांचे मराठीत भाषांतर करणे हा माझा अठरा वर्षांचा व्यवसाय आहे. अलीकडे कोरे काम येणे जवळजवळ थांबले आहे; येते ते यंत्राने आधीच भाषांतरित केलेले, 'फक्त एकदा नजर फिरवा' अशा निरोपासह आणि शब्दामागे निम्म्या दराने.

गूगलने २०१७ मध्ये मराठीसाठी न्यूरल, म्हणजे अख्खे वाक्य एकत्र घेऊन भाषांतर करणारी पद्धत आणली, त्याआधी यंत्राची चूक लगेच दिसे, कारण वाक्यच मोडलेले असे. आता वाक्य गुळगुळीत असते आणि चूक त्याच्या पोटात दडलेली असते. मागच्या महिन्यात एका खरेदीखतात 'कन्सिडरेशन'चे भाषांतर 'विचार' असे आले होते, म्हणजे सदनिका चक्क पंचेचाळीस लाख रुपयांच्या विचारात विकली गेली होती. तिथे मोबदला किंवा प्रतिफल हवे. पुढच्याच परिच्छेदात 'एक्झिक्यूशन'साठी दस्ताचे निष्पादन (सह्या करून दस्त पूर्ण करणे) होण्याऐवजी 'अंमलबजावणी' झाली होती. पहिली चूक हसून सुधारता येते. दुसरी घातक, कारण न्यायालयाच्या हुकूमनाम्याबाबत हाच शब्द अगदी योग्य असल्यामुळे तो वाचताना खटकत नाही.

मला तो खटकला, कारण उमेदवारीच्या काळात भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश शेजारी ठेवून मी प्रत्येक ओळ स्वतः लिहिली आणि वरिष्ठांकडून लाल शाईने खोडून घेतली. माझ्याकडे काम शिकणारी मुलगी चुणचुणीत आहे, तिचे मराठीही उत्तम आहे. पण तिला पहिल्या दिवसापासून तपासनीसच व्हावे लागले. "सर, वाक्य तर बरोबर वाटतंय," असे म्हणून तिने ती 'अंमलबजावणी' दोनदा सोडून दिली होती.

यंत्राला माझा विरोध नाही. साठ पानांच्या भाडेपट्ट्यातील ठरावीक कलमे ते झपाट्याने उरकते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही निकालपत्रांच्या भाषांतरासाठी २०१९ मध्ये 'सुवास' ही प्रणाली आणली. आक्षेप आहे तो तपासणीला हलके काम समजण्यावर. तपासणीचा मोबदला (विचार नव्हे!) तासांवर ठरावा आणि शिकाऊ भाषांतरकाराला काही काळ यंत्राविना काम मिळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सध्या मी त्या शिकाऊ मुलीला रोज एक पान मूळ इंग्रजीवरून हाताने करायला देतो. त्याचे पैसे अर्थातच कुणी देत नाही. काल एका फाइलमध्ये 'विदाऊट प्रेज्युडिस'साठी आलेले 'पूर्वग्रहाविना' खोडून तिने समासात 'हक्कांना बाध न येता' असे लिहिले होते. काम देणाऱ्या एजन्सीचा त्यावर एकच प्रश्न आला: फाइलला उशीर का झाला?