सतरा ब्रिक्सचा पक्षी

माझी नोकरी गेलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण सांगली-मिरज पट्ट्यात ती गेल्याची बातमी आहे. परवा मावससासूबाई फोनवर "काही लागलं तर संकोच करू नका हं" असं इतक्या हळव्या आवाजात म्हणाल्या, की गेली असावी असं मलाही क्षणभर वाटलं.

बातमीचा उगम आमचे सासरे, अण्णा. सध्या त्यांचा मुक्काम आमच्याकडे, न्यू जर्सीत. मी हक्काची रजा काढून मागच्या अंगणात कॅमेरा लावून बसतो, समोर साखरपाण्याचा लाल फीडर. येणारा हमिंगबर्ड तीनेक ग्रॅमचा. सेकंदाला पन्नासेक वेळा पंख मारतो, त्यामुळे शटर १/२००० सेकंदावर नेलं तरी पंखांचा धूरच दिसतो. नराचा गळा माणिकलाल, पण तो रंग पिसांच्या रचनेतून उमटतो. ऊन नेमक्या कोनातून पडलं तर लाल, नाहीतर काळा ठिक्कर. माझ्याकडे काळ्या गळ्यांचा मोठा संग्रह आहे.

अण्णा साखर कारखान्यात केमिस्ट होते. पहिल्याच दिवशी खुर्ची ओढून शेजारी बसले.

"साखर किती घालता?"

"एक वाटीला चार वाट्या पाणी."

डोळे मिटून हिशेब झाला. (ब्रिक्स म्हणजे द्रावणातल्या साखरेची टक्केवारी.) "म्हणजे सतरा-अठरा ब्रिक्स. उसाचा रसही साधारण एवढाच असतो." मग पक्ष्याकडे प्रथमच आदरानं बघत म्हणाले, "जाण आहे त्याला. पण जावईबापू, गूळ का घालत नाही?"

"गुळात लोह असतं अण्णा. त्यांना सोसत नाही."

"लोह सोसत नाही? मग रक्त कशानं वाढायचं?"

"तीन ग्रॅमचा जीव आहे हो तो."

"तेच म्हणतोय. कोल्हापुरी गूळ मिळाला नाही म्हणून एवढासा राहिलाय."

इथला एक नर फांदीवर पहाऱ्याला बसतो आणि दुसरा कुणी फीडरकडे फिरकला की त्याच्या अंगावर धावून जातो. जेवढं पितो त्याहून जास्त हाकलण्यात घालवतो. अण्णांनी त्याचं नाव चेअरमन ठेवलं. "सभासदांना थेंब मिळू देत नाही बघा. पुढच्या इलेक्शनला पडणार हा."

रविवारी सकाळी सगळं जुळून आलं. ऊन तिरपं, चेअरमन नळीशी, गळा पेटलेला. मी बटण दाबलं आणि त्याच क्षणी अण्णा उठून फीडरपाशी गेले. खालून गळती आहे का, ते बघायला! जुनी सवय. फोटोत त्यांच्या बनियनची वीण अतिशय सुस्पष्ट आली आहे.

आधी एक बरा आलेला मादीचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. उत्तर आलं, "आमच्या जास्वंदीवर रोज येतो." येत नाही! हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर नसतात. तुमच्याकडे येतो तो शिंजीर. हे मी सभ्य भाषेत लिहिलं. त्यावर कुणीतरी गुलाबासकट 'शुभ सकाळ' पाठवलं, त्यात हमिंगबर्डच होता आणि फोटो माझ्याहून कितीतरी चांगला होता.

तेही चाललं असतं. पण रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर अण्णा प्रेमानं सांगतात, "जावईबापू ना? दिवसभर मागं अंगणात बसून असतात." आमच्या ऑफिसात दर तिमाहीला माणसं कमी होतात. माझ्यासारख्या व्हिसावाल्याची नोकरी गेली, की नवी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस, नाहीतर गाशा गुंडाळायचा. रात्री दोनला जागा होऊन मी हाच हिशेब करतो, आणि तिकडे मिरजेत माझ्यासाठी सत्यनारायण बोललाय म्हणे. रजा संपायच्या आत एक लाल गळा मिळावा, एवढंच मागणं होतं.

काल अण्णांनी विचारलं, "थंडीत हे कुठं जातात?"

"मेक्सिको, मध्य अमेरिका. ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात."

"म्हणजे हंगाम संपतो." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि आवाज एकदम खाली आणला. "मग तुम्ही काय करणार?"