नाण्याच्या माथी मारू नका: फिनिक्स सन्सची 'बुडालेली सहा विजेतेपदं'

माझी भाची पंधरा वर्षांची आहे, शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळते. परवा जिल्हा स्पर्धेत शेवटच्या क्षणी तिचा फ्री थ्रो रिंगला लागून बाहेर गेला आणि संघ एका गुणाने हरला. तिची समजूत घालायला तिच्या काकांनी घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. हा मेसेज सध्या बराच फिरतो आहे, मला स्वतःला तो तीन ठिकाणांहून आला. काकांचा हेतू चांगलाच होता. पण भाचीने त्याखाली लिहिलं, "सगळं नशीबच असेल तर सकाळी सहाला उठून सरावाला कशाला जाऊ?" दुसऱ्या दिवशी ती खरंच गेली नाही. तेव्हा आता त्या मेसेजची उलटतपासणी करणं भाग आहे.

मेसेज थोडक्यात असा: १९६९ साली एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या फिनिक्स सन्स या संघाने नाणेफेकीत छापा मागितला आणि काटा पडला. त्यामुळे करीम अब्दुल-जब्बार हा पुढे महान ठरलेला खेळाडू मिलवॉकी बक्स या संघाकडे गेला आणि फिनिक्सची सहा विजेतेपदं बुडाली. मुळात छापा मागणं हाच मूर्खपणा होता, कारण छाप्याची बाजू जड असते, आणि तो मूर्खपणा मालकाने लोकांना विचारून केला. फिनिक्सच्या पदरात पडला नील वॉक नावाचा कुचकामी खेळाडू. तेव्हापासून तो संघ शापित आहे. तात्पर्य, नशिबात नसेल तर घाम गाळून उपयोग नाही.

नाणेफेक झाली होती, हे खरं. ड्राफ्ट म्हणजे संघांनी नव्या खेळाडूंची आळीपाळीने निवड करायची पद्धत; त्यात पहिली निवड कुणाची, हे त्या नाण्यावर ठरणार होतं. १९ मार्च १९६९ रोजी लीगचे आयुक्त जे. वॉल्टर केनेडी यांनी न्यूयॉर्कमध्ये अर्ध्या डॉलरचं नाणं उडवलं. दोन्ही संघांची माणसं फोनवर होती. छापा-काटा सांगण्याचा मान फिनिक्सचा होता. त्यांनी छापा सांगितला, पडला काटा. बाकीचं मात्र एकेक करून बघू.

सहा विजेतेपदांचं गणित सगळ्यात सोपं आणि सगळ्यात चुकीचं आहे. करीमच्या नावावर सहा विजेतेपदं आहेत, हे बरोबर. पण नाणेफेक जिंकलेल्या मिलवॉकीला त्यातली किती मिळाली? एक, १९७१ चं. उरलेली पाच त्याने लॉस एंजेलिस लेकर्सकडून मिळवली, १९८० ते १९८८ या काळात, मॅजिक जॉन्सनसारखा जोडीदार शेजारी असताना. मिलवॉकीत तो सहा हंगाम खेळला. मग त्याने स्वतःच संघ बदलून मागितला आणि १९७५ मध्ये तो लेकर्सकडे गेला. म्हणजे ज्यांच्या बाजूने नाणं पडलं त्यांनाही तो टिकवता आला नाही. फिनिक्सकडे तो वीस वर्षं राहिला असता आणि सहाच्या सहा चषक तिथेच आणले असते, हे मेसेज लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं?

ते एक विजेतेपदसुद्धा एकट्या नाण्याने आलेलं नाही. करीम तेव्हा ल्यू अल्सिंडर या नावाने खेळायचा. त्याच्या पहिल्या हंगामात मिलवॉकीने ५६ सामने जिंकले, तरी न्यूयॉर्क निक्सने त्यांना अंतिम फेरीच्या अलीकडेच अडवलं. त्यानंतर १९७० मध्ये मिलवॉकीने दोन खेळाडू देऊन सिनसिनाटीकडून ऑस्कर रॉबर्टसनला आणलं. पुढच्या हंगामात ६६ विजय, १६ पराभव, आणि अंतिम फेरीत बाल्टिमोरचा ४-० असा सफाया. शिवाय बॉब डँड्रिज होता. त्याला मिलवॉकीने अल्सिंडरच्याच वर्षी ड्राफ्टच्या चौथ्या फेरीत निवडलं होतं, म्हणजे बाकीच्या संघांनी पुन्हा पुन्हा डावलल्यावर. त्या फेरीत कुणीही नाणं उडवलेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मेसेजमधून गायब आहे. नाणेफेक जिंकल्याने खेळाडू मिळत नव्हता, त्याच्याशी बोलणी करण्याचा हक्क मिळत होता. समोर एबीए ही दुसरी लीग उभी होती आणि तिच्यातल्या न्यूयॉर्क नेट्सला तो हवा होता. तो न्यूयॉर्कचाच मुलगा. त्याने दोन्ही बाजूंना सांगितलं, एकदाच बोली लावा. मिलवॉकीची बोली मोठी निघाली. नेट्सवाल्यांनी नंतर आकडा वाढवला तेव्हा तो शब्दाला जागला, फिरला नाही. त्या दिवशी एबीएवाल्यांनी हात आखडता घेतला नसता, तर छापा आणि काटा दोन्ही फुकट गेले असते.

आता छाप्याची बाजू जड असते या शोधाबद्दल. एवढ्या ठामपणे लिहिलेलं वाचून मला वाटलं, काहीतरी आधार असेल. आधार उलटाच आहे. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या फ्रांतिशेक बार्तोश यांच्यासह संशोधकांच्या एका मोठ्या गटाने अक्षरशः हातांनी नाणी उडवून मोजली. एकूण ३,५०,७५७ वेळा, वेगवेगळ्या देशांची नाणी. २०२३ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. छाप्याकडे किंवा काट्याकडे नाणं झुकतं, असं काहीही आढळलं नाही. आढळला तो वेगळाच, बारीकसा कल: उडवताना जी बाजू वर असते, तीच बाजू वर पडण्याचं प्रमाण सुमारे ५०.८ टक्के. हा कल असा असावा, हे पर्सी डायकोनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्येच गणिताने मांडलं होतं. म्हणजे फिनिक्सला काही फायदा उठवायचाच असता, तर केनेडींच्या अंगठ्यावर नाणं कोणत्या बाजूने ठेवलंय ते आधी बघावं लागलं असतं. आणि ते तर फोनच्या दुसऱ्या टोकाला होते.

लोकांना विचारलं, हा गुन्हा कसा झाला? फिनिक्समधल्या वर्तमानपत्राने वाचकांचा कौल घेतला आणि छाप्याच्या बाजूने थोडी जास्त मतं पडली, इतकंच. संघ जेमतेम एक वर्षाचा होता, गावाला आपला वाटावा म्हणून लोकांना सामील करून घेतलं. मालकाने एकट्याने डोळे मिटून निवडलं असतं तरी शक्यता तेवढीच राहिली असती.

इथे मला एक गोष्ट मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. फिनिक्सवर अन्याय झाला, असं म्हणायला जागा आहे. त्या हंगामात त्यांनी ८२ पैकी फक्त १६ सामने जिंकले होते, लीगमध्ये सगळ्यात कमी. मिलवॉकीचे २७ विजय होते. पण नियम असा होता की पूर्व आणि पश्चिम विभागांतल्या तळाच्या दोन संघांत नाणेफेक करायची. विभाग न बघता सगळ्यात कमकुवत संघाला पहिली निवड दिली असती, तर अल्सिंडर नाणं न उडवताच फिनिक्सचा झाला असता. नियमाबद्दलची ही तक्रार रास्त आहे. मेसेजमध्ये तिचा एक शब्द नाही. लिहिणाऱ्याला नियम वाचायचा नव्हता, नशीब विकायचं होतं.

ज्या वाक्याने माझं डोकं खरंच फिरलं, ते नील वॉकबद्दलचं. "कुचकामी." करीमच्या शेजारी उभं केलं तर त्या पिढीतला कोणताही सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) लहानच दिसेल. पण १९७२-७३ च्या हंगामात वॉकने दर सामन्यात सरासरी २०.२ गुण मिळवले आणि १२.४ रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फटक्यांचे चेंडू, घेतले. आज एखाद्या संघाला असा सेंटर मिळाला, तर ते त्याला पैशाने मढवतील. १९७४ मध्ये फिनिक्सने त्याला न्यू ऑर्लिन्सला दिलं आणि बदल्यात जे खेळाडू घेतले त्यांत कर्टिस पेरी होता. पेरीचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. आणि वॉक? १९८८ मध्ये त्याच्या मणक्यातली गाठ काढावी लागली आणि त्याचे पाय गेले. त्यानंतर तो चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळला. पुढे याच फिनिक्स सन्समध्ये त्याने काम केलं. २०१५ मध्ये तो वारला. या माणसाला कुचकामी म्हणणारा मेसेज घामाच्या व्यर्थतेबद्दल बोलतो आहे, आणि तो मी एका पंधरा वर्षांच्या खेळाडूच्या हातात राहू देणार नाही.

आता 'शापित संघ' बघू. फिनिक्सने आजवर विजेतेपद मिळवलेलं नाही, हे खरं. १९७६, १९९३ आणि २०२१ अशा तीन अंतिम फेऱ्या ते हरले. पण शाप म्हणताना मेसेजने एक दुसरी नाणेफेक लपवली आहे. त्याच १९६९ साली फिनिक्सने सिएटलविरुद्ध नाणेफेक जिंकली आणि कॉनी हॉकिन्सचे हक्क मिळवले. हॉकिन्सवर कधी आरोपपत्रसुद्धा ठेवलं गेलं नव्हतं, तरी सट्टेबाजीच्या नुसत्या संशयावरून एनबीएने त्याला वर्षानुवर्षं दाराबाहेर ठेवलं होतं. त्याने लीगवर दावा लावला, तडजोड झाली, आणि तो फिनिक्सला आला. १६ विजयांचा संघ पुढच्याच हंगामात ३९ विजयांवर गेला आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, वेस्ट, बेलर, चेंबरलेन अशा दिग्गजांच्या लेकर्सविरुद्ध ३-१ असा पुढे होता. सातव्या सामन्यात हरला, तो भाग वेगळा. एक नाणं विरुद्ध गेलं, एक बाजूने. त्यातलं एकच सांगायचं, याला काय म्हणायचं?

आणि १९७६. बोस्टनमध्ये ४ जूनला झालेला अंतिम फेरीचा पाचवा सामना बघा, मग सांगा की घामाला अर्थ नाही. मालिका २-२ अशी. पहिल्या जादा वेळेच्या अखेरीस बोस्टनच्या पॉल सायलसने टाइमआउटची खूण केली, संघाकडे एकही टाइमआउट शिल्लक नसताना. तो दिला असता तर फिनिक्सला फ्री थ्रो मिळाला असता. पंच रिची पॉवर्स यांनी तो दिला नाही. इथे फिनिक्सवाल्यांनी नशिबाला बोल लावला तर मी ऐकून घेईन. दुसऱ्या जादा वेळेत पेरीने, हो, वॉकच्या बदल्यात आलेल्या पेरीने, बास्केट करून फिनिक्सला ११०-१०९ असं पुढे नेलं. बोस्टनच्या हॅव्हलिचेकने ते लगेच फेडलं आणि उरला एक सेकंद. फिनिक्सला चेंडू स्वतःच्या बास्केटखालून आत टाकायचा होता, एवढ्या वेळात पलीकडे पोचणं अशक्य. तेव्हा फिनिक्सच्या पॉल वेस्टफालने मुद्दाम नसलेला टाइमआउट मागितला. शिक्षा म्हणून बोस्टनला एक फ्री थ्रो मिळाला, ११२-११०. पण त्यानंतर फिनिक्सला चेंडू मैदानाच्या मध्यावर मिळाला. तिथून गारफील्ड हर्डने वळून उंच चेंडू टाकला आणि तो आत गेला. ११२-११२. तिसऱ्या जादा वेळेत बोस्टन १२८-१२६ असं जिंकलं. ती पळवाट बंद करायला लीगला नंतर नियम बदलावा लागला. एका सेकंदात नियमपुस्तक डोक्यात असलेल्या माणसाने हे केलं. त्याआधीच्या फेरीत याच संघाने गतविजेत्या गोल्डन स्टेटला सात सामन्यांत हरवलं होतं.

१९९३ बद्दल थोडक्यात: शिकागोच्या जॉन पॅक्सनने ३.९ सेकंद उरले असताना तीन गुणांचा फटका मारला, ९९-९८. तो मोकळा सुटला होता. हे संरक्षणाचं काम आहे, ग्रहांचं नाही.

आणि नशिबाची गोष्ट करायचीच तर २०१८ चीही करा. त्या वर्षी ड्राफ्टची लॉटरी फिनिक्सच्या बाजूने लागली, पहिली निवड त्यांची. त्यांनी डिआंद्रे एटनला घेतलं, पुढे मोठा तारा ठरलेला लुका डॉन्चिच उपलब्ध असताना. एटन वाईट खेळाडू नाही. २०२१ मध्ये फिनिक्स अंतिम फेरीत पोचलं त्यात त्याचा वाटा होता. तिथे समोर कोण, तर मिलवॉकी. फिनिक्सने पहिले दोन सामने जिंकले, पुढचे चार हरले. मिलवॉकीच्या यानिस आडेटोकुंबोने सहाव्या सामन्यात ५० गुण केले. त्याला मिलवॉकीने २०१३ मध्ये पंधराव्या क्रमांकावर निवडलं होतं. त्या ड्राफ्टमध्ये फिनिक्सची निवड पाचवी होती, म्हणजे तो त्यांनाही घेता आला असता.

काकांना मी फोन केला. त्यांनी मेसेज काढून टाकला, नील वॉकबद्दल वाचून त्यांनाही वाईट वाटलं. भाचीला मी त्या पाचव्या सामन्याची दुसरी जादा वेळ दाखवली. तिने वेस्टफालचा टाइमआउट चार वेळा मागे नेऊन बघितला आणि विचारलं की आता तसं करता येतं का. नाही येत म्हटल्यावर हिरमुसली. ज्या कुणी हा मेसेज पुढे पाठवला असेल, त्यांनी निदान वॉकची ओळ तरी मागे घ्यावी.