पाण्याला दारात उभं करू नका

बंगला बांधून झाला, वास्तुशांतीच्या पंगती उठल्या, आता अंगणाचं काय करायचं या विचारात तुम्ही असाल, तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. अंगणात माती दिसता कामा नये. माती दिसली की येणारा-जाणारा समजतो, पाव्हण्यांचे पैसे संपले.

तेव्हा कुंपणापासून कुंपणापर्यंत पेव्हर ब्लॉक. खाली मुरूम टाकून रोलर फिरवा, वर ब्लॉक ठोकून घ्या आणि सांधे सिमेंटनं बुजवून टाका. एखादा शहाणा सांगेल की सांध्यांत बारीक खडी भरा, नाहीतर भोकांचे ब्लॉक घ्या, त्यातून गवत येतं आणि पाणी मुरतं. त्याला चहा पाजून वाटेला लावा. गवतच बघायचं होतं तर ब्लॉकला पैसे कशाला घातले? नारळ असेल तर बुंध्याला चिकटून काँक्रीट करा. झाडाला पाणी लागतंय की नाही, हे झाडाचं झाड बघून घेईल. आणि सगळा उतार फाटकाकडे. हे मिस्त्रीला दोनदा बजावा, कारण जुन्या वळणाचे मिस्त्री अजून परसाकडे उतार काढतात.

आता गच्ची. एक हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर साधारण २,३०० लिटर पाणी होतं. वळीव मनावर घेईल तर एवढं तासाभरातही देऊन जातो. एवढं पाणी घरात ठेवून काय त्याचं लोणचं घालायचंय? पाइप थेट रस्त्यावर सोडा. टाकी, शोषखड्डा, बोअरचं पुनर्भरण असली लफडी नकोत. गल्लीतल्या सगळ्यांनी एकाच वेळी पाइप सोडले की चौकात गुडघाभर पाणी होतं, रिक्षा बंद पडतात आणि आपल्याला गॅलरीत उभं राहून महापालिकेच्या नावानं चांगलं तासभर बोलता येतं. हा आनंद शोषखड्ड्यात नाही. एप्रिलात बोअर आटली की टँकर सांगायचा. टँकरवाल्यालाही पोरंबाळं आहेत.

कुणी पुराचा विषय काढलाच तर उत्तर तयार ठेवा. आपल्या कोल्हापुरात पंचगंगेचा पूर येतो तो गगनबावडा, राधानगरीकडच्या पावसाचा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ ला आणि २०२१ ला नदी त्याच्या कितीतरी वर गेली, तेव्हा काय आमच्या अंगणानं गेली का? हे अगदी खरं आहे, आणि म्हणूनच फार सोयीचं आहे. एवढं ऐकवलं की पुढचं कुणी विचारत नाही.

विचारलं तर पंचाईत आहे. शहरातून वाहणाऱ्या जयंती नाल्याचं सांडपाणी एरवी उपसून कसबा बावड्याच्या शुद्धीकरण केंद्रात नेतात. मोठा पाऊस झाला की नाला बांध ओलांडतो आणि सगळं सरळ नदीत जातं. नाल्यात अचानक एवढं पाणी येतं कुठून, तर ते गगनबावड्याहून येत नाही. ते येतं गच्चीवरून, ब्लॉकवरून, उतार काढलेल्या फाटकातून. पण नदीच्या खालच्या अंगाला इचलकरंजी आहे, त्यांचं ते बघतील. त्याच्याही खाली नरसोबाची वाडी. पौर्णिमेला आपण तिथं जाणारच असतो. संगमावर भक्तिभावानं ओंजळ भरून घ्या. आपल्याच गल्लीतून गेलेलं पाणी, परकं थोडंच आहे?

ते नुसतं पाणी जाऊ नये म्हणून खत. गेटजवळ चार फूट लॉन ठेवलंच असेल (सेल्फीपुरतं), तर युरिया ढग दाटून आल्यावरच टाका, नि तोही ओंजळीनं. चमचाभर पुरे, पाऊस उघडल्यावर ओल बघून द्यावा, हे घाबरटांचं काम. सर आली की दाणे विरघळतात आणि गवताच्या मुळांशी ओळख व्हायच्या आत गटारात उतरतात. तिथून ज्या तळ्यात पोचतील तिथं केंदाळ असं माजतं की वरून चालत जावंसं वाटावं. रंकाळ्यावर भेळ खाताना केंदाळ दिसलं तर नाक मुरडा, फोटो काढा, ‘प्रशासन झोपलंय’ लिहा. युरियाचं पोतं त्या फोटोत येत नाही. लॉनही कापताना अगदी बुडख्यापासून कापा; पातं आखूड ठेवलं की मूळही आखूड राहतं आणि पाणी खाली जायची भानगडच उरत नाही.

पालापाचोळा? गटारात. झाडाखाली पसरला तर सरीचा मार माती झेलत नाही, ओल टिकते, वर्षभरात त्याचं खतही होतं, पण शेजारी म्हणतात, यांच्याकडे झाडलोट होत नाही.

शेवटी शेजारच्या काकू. प्रत्येक गल्लीत एक असतातच. यांनी गच्चीचा पाइप रस्त्यावर न सोडता परसातल्या वीतभर खोल वाफ्यात सोडलेला असतो. वाफ्यात कर्दळ, अळू, कडेला वाळा. पाऊस पडला की वाफा भरतो, दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी जिरून जातं. सोसायटीच्या बैठकीत ‘डास होतात’ म्हणून मुद्दा काढा. अंड्याचा डास व्हायला आठवडाभर लागतो आणि वाफ्यात पाणी दिवसभरही उभं राहत नाही, असं काकू म्हणतीलच. तेव्हा ‘बरं, बघू’ म्हणून पुढचा विषय घ्या. त्यांच्याशी फार वाकडं मात्र घेऊ नका. श्रावणात वड्यांना अळू लागतं, आणि आपल्याकडे आता ते लावायला जागा नाही.